भेगेवरच्या पट्ट्या

६ जानेवारी

हट्टी बाईस,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर ‘ऐकू येत नाही’ म्हणून ठेवून देतेस. तुझं ते ‘ऐकू येत नाही’ मला मात्र अगदी स्वच्छ ऐकू येतं. म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जी बस लागते, तिचा शेवटचा थांबा इथे माझ्या इमारतीखाली आहे. तिचा कंडक्टर बरा माणूस दिसतो. तो पत्र आणून देईल. त्याला जिने चढायला लावू नकोस, खाली येऊन घे. नाही, नको. खाली येऊ नकोस, त्या जिन्याचा काही भरवसा नाही. वरूनच दोरीला पिशवी बांधून सोड.

मी तुला टाकून आलो असं तू वरच्या शिक्षिकाबाईंना सांगितलंस म्हणे. कोण कुणाला टाकून आलं? आपली इमारत धोक्याची ठरली, दारावर लाल खूण केली, सगळ्या भाडेकरूंना इथे शहराच्या टोकाला घरं मिळाली. सगळे गेले. टेम्पोत सामान चढलं तेव्हा तू काय म्हणालीस? ‘तुम्ही व्हा पुढे, मी शेवटची बादली घेऊन येते.’ मी ड्रायव्हरशेजारी मांडीवर घड्याळ घेऊन बसलो. इथे पोचलो, सामान उतरवलं, वाट बघत बसलो. ती बादली अजून निघाली नाही का?

आता इथलं सांगतो, म्हणजे तुझ्या डोक्यात उजेड पडेल. नळाला दिवसभर पाणी असतं. पहाटे उठून हंडे भरायचे नाहीत. संडास घरात आहे, आणि तो फक्त आपला आहे. लिफ्ट आहे. खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसत नाही, आकाश दिसतं, फुकट. खोल्या दोन आहेत. भांडण झालं तर तू एका खोलीत, मी दुसरीत. तिथे भांडण झालं की मला जिन्यात जाऊन बसावं लागायचं आणि येणारा-जाणारा विचारायचा, ‘आज काय झालं?’

हे सगळं सोडून तू त्या फुटक्या भिंतीला पाठ लावून लोकांचे कपडे रफू करत बसली आहेस. भेगेवर मी निघताना तीन कागदी पट्ट्या चिकटवल्या आहेत, वर, मध्ये आणि खाली. उगीच नाहीत चिकटवल्या. आयुष्यभर छापखान्यात पुस्तकं बांधली मी. वाचलं एकही नाही, ते खरं. पण पुस्तकाचा सांधा सुटायला लागला की आधी आतला कागद फाटतो, एवढं मला कळतं. भिंत हलली तर पट्टी फाटेल. फाटली की त्याच पावली निघायचं. रोज बघ आणि कळव.

कळलं नसेल तर पुन्हा वाच.

तुझ्यामुळे झोप उडालेला


१३ जानेवारी

बाईसाहेब,

माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला उत्तर लिहून पाठवलंस. कागद वाचवलास, छान केलंस. कंडक्टर हसत होता. म्हणाला, “मावशींनी पाठकोरा वापरलाय, आजोबा.”

मी त्याला म्हटलं, “तिला मावशी आणि मला आजोबा? नवरा-बायको आहोत आम्ही.”

“ते मावशीपण म्हणाल्या,” तो म्हणाला, “पण जरा वेगळ्या आवाजात.”

तू लिहितेस, ‘एवढं सगळं चांगलं असतं तर तुम्हाला चार पानं लिहावी लागली नसती. वाईट काय आहे ते लिहा. मग विचार करते.’

ठीक आहे. लिहितो. मला लपवालपवी जमत नाही.

लिफ्ट आहे, पण मनात येईल तेव्हा चालते. बंद पडली की सहा मजले. पाण्याला लोखंडाची चव आहे. वारा एवढा आहे की दार आपटून काच गेली. दवाखाना जवळ नाही. चप्पल तुटली तर शिवून देणारा नाही, भांड्याला कल्हई करणारा नाही, चालता चालता ज्याच्याशी दोन शब्द बोलावे असा पानाचा ठेला नाही. दुकानं आहेत, काचेची. आत गेलं की पोरी विचारतात, ‘काय हवंय?’ काही नको असलं तर माणसाने आत जायचंच नाही, असा इथला कायदा आहे.

इमारती सगळ्या सारख्या. परवा मी घरी आलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो आणि म्हटलं, ‘चहा टाक.’ सवयीने म्हटलं, तुला नाही. आतून एक नर्स बाहेर आली. पलीकडच्या दारात राहते. हातात लाटणं नव्हतं एवढंच नशीब. म्हणाली, “आजोबा, हे तुमचं घर नाही. परत आलात ना तर दाराला कुलूप लावून मी ड्यूटीवर जाईन, बसा मग आतच.” चहा मात्र दिला. पुचाट होता.

संध्याकाळी खाली बाकावर म्हातारे बसतात. प्रत्येक जण आपापल्या जुन्या वस्तीचं सांगतो, दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. मीही सांगतो. कुणी ऐकत नाही. आणि आठ वाजले की अशी शांतता पडते की आपलंच पोट बोललेलं ऐकू येतं.

आपल्या पोरीचा फोन आला होता. ‘आई कुठाय?’ म्हणाली. मी म्हटलं, भाजीला गेली. तिने मग तुला फोन केला असणार, कारण रात्री पुन्हा मला म्हणाली, ‘बाबा, तुम्हीपण भाजीलाच गेला होतात का?’ परदेशात बसून पोरगी आपल्याला हसते. आपलं काय ते एक ठरव, म्हणजे खोटं तरी सारखं बोलता येईल.

हे झालं वाईट. आता विचार कर आणि शनिवारच्या आत निघ. येताना बसमध्ये डाव्या बाजूला बस, उजवीकडे ऊन येतं. खिडकीबाहेर हात काढू नकोस. पट्ट्यांचं काहीच लिहिलं नाहीस. शाबूत आहेत का?

वाट न बघणारा


१७ जानेवारी

लबाड बाई,

‘वाचलं. म्हणूनच येत नाही.’ दोन वाक्यं! मला बोलतं करून माझ्याच तोंडून काढून घेतलंस. वकिलाच्या घरात जन्मायला हवी होतीस, वडिलांनी उगीच तुला सुई दिली.

ऐक. वाईट सांगितलं ते वाईट आहेच, पण भिंत अंगावर पडण्याइतकं वाईट नाही. लिफ्ट बंद पडली म्हणून माणूस मरत नाही. गल्लीत माणसं आहेत म्हणतेस, कुठली माणसं? सगळी तर इकडे आली. मला बाकावर भेटतात. तुझं गिऱ्हाईक असलेला तो शिंपी इथे मागच्या इमारतीत राहतो, रोज शिव्या देतो, पण राहतो. तिथे आता तू, वरच्या शिक्षिकाबाई आणि उंदीर. उंदीरसुद्धा शहाणे असतात, तेही निघाले असतील.

शिक्षिकाबाई का जात नाहीत? त्यांनाही घर मिळालंय, माझ्या समोरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. बंद पडलंय. गॅलरीत कबुतरं बसतात. तू राहिलीस म्हणून त्या राहिल्यात, आणि त्या राहिल्या म्हणून तू राहतेस. दोघी एकमेकींच्या पदराला गाठ मारून बुडणार.

पट्ट्या शाबूत आहेत असं कंडक्टरजवळ सांगितलंस. बरं झालं. तरीही माझ्या पोटात गोळा येतो. सकाळी गोळा येतो, दुपारी येतो. नर्सला विचारलं तर म्हणाली, “आजोबा, ती काळजी आहे, गॅस नाही. त्याची गोळी माझ्याकडे नसते.”

आणि चिकटवायची खळ कशाला हवी तुला? डबाभर ठेवून आलो होतो. मोरचूद घातलेली, महिनाभर टिकणारी. सांडलीस का? कंडक्टरबरोबर दुसरा डबा पाठवतोय. तुझ्या कामाला खळ लागत नाही एवढं मला माहीत आहे. बहुतेक शिक्षिकाबाईंच्या फाटक्या वह्यांना लावत असशील. लाव. त्यांना सांग, पातळ लावायची, जाड लावली की कागद सुरकुततो. हात धू. मोरचूद पोटात गेला तर विष आहे.

रागावलेला, आणि अजून रागावणार असलेला


२२ जानेवारी

भिंत चिकटवणाऱ्या बाईस,

मी आता उभ्याने लिहितो आहे, बसवत नाही. अक्षर वाकडं आलं तर त्याला तू जबाबदार.

आज कंडक्टर थांब्यावर उतरला, चहा पीत उभा होता. मी म्हटलं, “वर गेला होतास का?”

“गेलो होतो, आजोबा. मावशींनी पाणी दिलं. तुमची फार आठवण काढतात बहुतेक.”

“कशावरून?”

“भिंतीवर तुमचे ते कागद आहेत ना, त्यांच्यावर रोज नवीन लावतात. एकावर एक, एकावर एक. चांगला पुठ्ठा झालाय. मी विचारलं तर म्हणाल्या, यांच्या हातचं आहे, जुनं दिसायला नको.”

त्याला वाटलं, हे प्रेम आहे. त्याला काय माहीत! मी तिथेच बाकावर बसलो. दोन म्हातारे धावले, एकाने माझ्या तोंडावर पाणी मारलं. कारण नसताना भिजलो, त्याचंही खापर तुझ्यावर.

डबाभर खळ का संपली ते आता कळलं. तीन पट्ट्यांना बोटभर खळ पुरते. म्हणजे पट्टी फाटते. रोज फाटते. आणि तू रोज तिच्यावर नवी लावतेस आणि इकडे कळवतेस, ‘शाबूत’. हो, शाबूतच. वरची शाबूत. खालच्या सगळ्या फाटलेल्या. आणि ती लावायला खळ कुणी पाठवली? मी. पत्र लिहून, डबा बांधून, कसं लावायचं तेही सांगून. माझ्याच खळीने माझे डोळे बांधलेस.

अगं, पट्टी भिंत धरून ठेवायला नसते! भिंत काय करते आहे ते सांगायला असते. पुस्तकाचं पुठ्ठ्याचं काम केलेला माणूस तुझा नवरा, आणि एवढी गोष्ट तुला कळू नये? कळली असणार. कळून केलंस. म्हणून मला जास्त राग येतो आहे.

हे पत्र कंडक्टर हातात देईल तेव्हा त्याच बसमध्ये बस. काही आणू नकोस. सुयांचा डबाही नको. बरं, तो आण, तेवढा आण. बाकी काही नको. शिक्षिकाबाईंना दंडाला धरून आण.

बसच्या थांब्यावर उभा असलेला


२४ जानेवारी

हिला,

बस आली. कंडक्टर उतरला, तू नाही उतरलीस. तुझी चिठ्ठी उतरली. या वेळी नव्या कागदावर, दोन्ही बाजूंनी. मला वाटलं, शुद्ध आली. उघडली आणि वाचली. मग नर्सकडे गेलो आणि तिला मोठ्याने वाचायला सांगितली, मी चुकीचं वाचतोय का बघायला. तिने पहिलं अर्धं वाचलं आणि म्हणाली, “हे मी वाचायचं नाही, आजोबा. हे तुमचं तुम्ही वाचा.”

तेव्हा मीच वाचली, पुन्हा. तू लिहितेस:

‘पट्टी फाटलेली बघवत नाही म्हणून लावते. बघितली की तुमचं तोंड दिसतं, आणि तुमचं बोलणं सुरू होतं. तुम्ही छापखान्यात जायचात तेव्हा आपलं बरं चाललं होतं. सकाळी डबा, संध्याकाळी चहा, मध्ये मी माझी. तुम्ही घरी बसायला लागल्यापासून मी सुईत दोरा कसा ओवायचा, पाणी किती घोट प्यायचं, कुणाशी किती बोलायचं, सगळं तुम्ही सांगता. इथे निदान जिना आहे, गल्ली आहे, गिऱ्हाईक आहे. तिथे सहाव्या मजल्यावर दोन खोल्या आणि तुम्ही. कुठे जाऊ मी? भिंत पडली तर एकदाच पडेल. तुम्ही रोज अंगावर पडता.’

बरं.

काल बाकावरच्या एकाला विचारलं, ‘मी फार बोलतो का?’ तो उठून गेला.

मी सांगतो ते काळजीने सांगतो. गेल्या वर्षी तू दोरा ओवताना सुई बोटात घुसवून घेतलीस ती मी सांगितलं नाही त्या दिवशी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तू विसरतेस. पण ठीक आहे. तुला माझं तोंड नको असेल तर नको. आता माझंही एकदा ऐक, मग आयुष्यभर ऐकू नकोस.

परवा, शनिवारी, पहिल्या बसने मी गादी घेऊन परत येतोय. सामान इथेच राहू दे. भेग जिथे सगळ्यात रुंद आहे, त्या भिंतीला गादी लावून मी झोपणार. तू पलीकडे झोप. तुला तिथे मरायचंच असेल तर माझी बडबड ऐकत मर. सकाळी उठल्यापासून सुरू करेन, झोपेतही बोलेन. दोरा कसा ओवायचा, पाणी किती घोट प्यायचं, भेग आज किती रुंदावली, सगळं सांगेन. एक मिनिट गप्प बसणार नाही. भिंत आधी पडते की तू आधी पळतेस ते बघू.

नर्सला सांगून ठेवलंय, माझ्या घराची किल्ली तिच्याकडे. गादी बसमध्ये चढते की नाही ते कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, “आजोबा, तुमच्यासाठी चढवू. पण मावशींना विचारा आधी.” मी कुणाला विचारत नाही. ही धमकी आहे. धमकी म्हणूनच वाच.

तुझ्या अंगावर पडायला निघालेला


१९ फेब्रुवारी

समोरच्या इमारतीतल्या बाईस,

हे पत्र कंडक्टरकडे देता येत नाही, कारण आपल्यामध्ये आता बस नाही, फक्त अंगण आहे. नर्स ड्यूटीवर जाताना तुझ्या दाराखालून सरकवेल. ती म्हणाली, “हाक मारली तरी ऐकू जाईल, आजोबा.” मी म्हटलं, हाक मारली तर म्हणेल ‘ऐकू येत नाही’.

त्या शनिवारी पहाटे गादी दोरीने बांधून थांब्यावर उभा होतो. येणाऱ्या बसमधून आधी शिक्षिकाबाई उतरल्या, मग तू. हातात ती बादली. मला बघितलंस, गादी बघितलीस, आणि कंडक्टरला म्हणालीस, “यांना सांग, मी यांच्याकडे राहायला आले नाही. बाईंच्या घरात राहणार आहे.” मी तुझ्यासमोर उभा, आणि मला सांगायला कंडक्टर! तोही बिचारा माझ्याकडे वळून म्हणाला, “आजोबा, मावशी म्हणतात...” मी म्हटलं, “ऐकलं.” गादी सहा मजले चढवून परत नेली. लिफ्ट बंद होती. एकानेही हात लावला नाही.

तेव्हापासून रोज दिसतेस. तुमची गॅलरी माझ्या आतल्या खोलीच्या खिडकीच्या खाली येते. मी मुद्दाम बघत नाही, खिडकी तिकडेच आहे त्याला मी काय करू? शिक्षिकाबाईंनी खडूने पाटी लिहिली, ‘रफू करून मिळेल’, ती दारावर लावली. आता तिथे रांग असते. या वस्तीत सगळ्यांचे कपडे एवढे फाटलेले आहेत हे मला माहीतच नव्हतं. त्या शिंप्याला बाकावर टोमणा मारला, तर म्हणतो, “तुमची बायको आली म्हणून बरं वाटलं.” माझी बायको कुठे आली? शिक्षिकाबाईंची मैत्रीण आली.

पोरगी फोनवर म्हणाली, ‘आता तरी एका घरात राहा.’ मी म्हटलं, एकाच वस्तीत राहतो, तेवढं पुरे. तू तिला काय सांगितलंस ते तिने मला सांगितलं नाही. दोघी हसल्या असणार.

एक सांगायचं होतं. कंडक्टर काल म्हणाला, आपल्या गल्लीचा रस्ता बंद केलाय, बस आता वळसा घालून जाते. का बंद केला ते मी विचारलं नाही. त्याने सांगायला तोंड उघडलं होतं, मी चहा प्यायला लावला. तूही विचारू नकोस.

आता आजचं. सदऱ्याची बाही कोपराला फाटली म्हणून मी आलो. नर्स म्हणाली होती, “बाकीच्यांसारखं रांगेत उभं राहायचं, आजोबा, मध्ये घुसायचं नाही.” राहिलो. माझ्यापुढे एक बाई पडदा घेऊन होती, त्या पडद्याला पाऊण तास. माझा नंबर आला तेव्हा तू सदऱ्याकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. सदरा उलटा केलास, कोपर बोटाने दाबून बघितलंस आणि विचारलंस, “नाव काय लिहू?”

मागची रांग हसली. शिक्षिकाबाई आत जाऊन हसल्या, मला ऐकू आलं. मी म्हटलं, “समोरचे.” तू तेच लिहिलंस. मान वर न करता लिहिलंस. मी विचारलं, “कधी मिळेल?” म्हणालीस, “आठवड्याने.” मी म्हटलं, “एवढा उशीर? साधी बाही आहे. रंगाला जवळचा दोरा घे, बारीक टाका घाल, अर्ध्या तासाचं काम.” तेव्हा मात्र मान वर केलीस. सुई हातात होती. म्हणालीस, “घाई असेल तर दुसरीकडे टाका.”

दुसरीकडे कुठे टाकू? घरी येऊन मी तासभर विचार केला. शिंप्याला विचारलं, नर्सला विचारलं, काचेच्या दुकानातल्या पोरीला विचारलं. एवढी मोठी वस्ती, एवढ्या इमारती, आणि रफू करणारं दुसरं कुणी नाही.

इथल्या गैरसोयींमध्ये ही एक नवीन. आठवड्याने येतो.

समोरचे